ठिपके गेले, रोग नाही

खाऱ्या पाण्याच्या टाकीतला मासा दगडाला अंग घासू लागला, अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले, तर तो बहुधा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. काही दिवसांत ठिपके गळतात आणि मालक खूश होतो. खरी गोम इथेच आहे! गळलेला जीव वाळूत, दगडांवर कोष करतो. त्यातून शेकडो पिल्लं नव्या माशाच्या शोधात निघतात. तांब्याचं औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांनाच. पण त्यानं प्रवाळ आणि कोळंबीही मरतात. म्हणून सगळे मासे वेगळ्या टाकीत हलवावेत आणि तिथेच, तांब्याचं प्रमाण किटनं मोजत, उपचार करावेत. मूळ टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी. आणि नवा मासा आधी महिनाभर वेगळाच ठेवावा. दुकानदार काहीही म्हणो.