ऑपरेशन झालं, भूक मात्र परत आली

वावरातून येऊन रेडिओ लावला असेल, नाही तर भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज आम्ही गटातल्या साऱ्याजणी मिळून बोलतोय, कारण गोष्ट आमच्यातल्याच एकीची आहे. तिला विचारूनच सांगतोय, नाव तेवढं सांगणार नाही.

वजन कमी करायच्या ऑपरेशनचं नाव आपल्या विदर्भात पुष्कळांनी पहिल्यांदा ऐकलं ते 2011 मध्ये, नितीन गडकरींनी मुंबईत ते करून घेतलं तेव्हा. आपल्याला वाटलं, मोठ्या लोकांचं काम आहे हे. पण आमच्या ताईचं वजन 112 किलो झालं, शुगर औषधांना दाद देईना, गुडघ्यांनी घराचा उंबरा ओलांडवेना. शेवटी मोठ्या शहरात जाऊन ऑपरेशन केलं. दीड वर्षात ती 74 किलोंवर आली. शुगरची गोळी बंद झाली. पायी शेगावला जाऊन आली. आम्ही सगळ्यांना अभिमानानं सांगायचो.

चौथ्या वर्षी ती भिशीला यायची बंद झाली. कंबर दुखते म्हणायची. खरं कारण पुढे कळलं. वजन 83 वर गेलं होतं आणि घरात बोलणं सुरू झालं होतं, "एवढा पैसा घातला अन् पुन्हा तेच!" लाजेपायी ती दवाखान्यातही गेली नव्हती. दोन वर्षं तपासणी नाही, गोळ्या नाहीत.

तेव्हा आमच्यातल्या दोघी तिच्यासोबत डॉक्टरांकडे गेल्या. तिथे जे समजलं ते आधीच माहीत असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे बोलणं.

तिचं ऑपरेशन झालं त्यात जठराचा पाऊण भागाहून जास्त काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची बारीक पिशवी. जो भाग काढतात तिथेच भुकेचा निरोप मेंदूला पाठवणारा एक रस मोठ्या प्रमाणात तयार होतो, त्याला घ्रेलिन म्हणतात. म्हणून पहिले काही महिने भूक जवळपास जाते. आमच्या ताईला तर जेवायची आठवण करून द्यावी लागायची. पण वर्ष-दीड वर्षात भूक हळूहळू परत येते. पिशवीही थोडी सैल होते. आणि वजन उतरलं की शरीर समजतं दुष्काळ पडला. ते कमी अन्नात भागवायला शिकतं आणि जास्त मागायला लागतं. थोडं वजन परत चढणं बहुतेकांना होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे ऐकून ताई तिथेच रडली. चार वर्षं तिला वाटत होतं, आपल्यालाच जिभेवर ताबा नाही.

मग आहार सांगणाऱ्या बाईंनी दिवसभराचं खाणं विचारलं. जेवण खरंच थोडं होतं, अर्धी भाकर आणि वाटीभर भाजी. पण मधलं? सकाळपासून पाच-सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला दहा-बारा चमचे. त्यासोबत बुडवलेली बिस्किटं. निंदायला गेल्यावर पदरात शेंगदाणे. दुपारी मुरमुरे-फरसाण. आणि आम्ही! कुणाच्या घरी गेलं की, "घे वं, एका कचोरीनं काय होते?" शेगावची कचोरी समोर असताना नाही म्हणायला मोठं मन लागतं, हे आम्ही जाणतो. पण देणाऱ्यांनाही ते मन लागतं.

त्या बाईंनी एक गोष्ट फार चांगली समजावली. लहान पिशवीत डाळ, अंडं, पनीर गेलं की ते थांबतं आणि पोट भरल्याचं कळतं. चहात भिजलेलं बिस्कीट, फरसाण, गोड सरबत मात्र घसरून खाली जातं. पोट भरत नाही, वजन भरतं. म्हणून ताटातलं पहिलं वाढणं प्रथिनांचं. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात, कपभर दुधात तेवढीच. मूठभर सुक्या सोयाबीन वड्यांत दहा-बारा. सोयाबीन तर आपल्याच वावरात होतं, पण सगळं बाजार समितीत जातं आणि घरात वडी येत नाही. डाळ घट्ट शिजवायची. आपण वरणाचं पाणी वाढतो आणि डाळ खाल्ली म्हणतो, ते चालत नाही. घट्ट डाळ, अंडं किंवा वड्या आधी, मग भाजी, भाकर शेवटी.

जेवताना पाणी प्यायचं नाही. आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास थांबायचं, नाहीतर अन्न लवकर वाहून जातं. बाकी दिवसभर घोटघोट पीत राहायचं, कारण पुष्कळदा तहानच भुकेसारखी वाटते. घास बारीक चावून जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं द्यायची. हेच सगळ्यात अवघड! सगळ्यांना वाढून झाल्यावर चुलीपुढे पाच मिनिटांत उरकायची सवय आपल्याला. ताईची सून आता म्हणते, "आई, तुम्ही आधी बसा." सासऱ्यांना पहिले पंधरा दिवस ते रुचलं नाही, मग सवय झाली.

भूक लागली की ताई स्वतःला विचारते, आता घट्ट वरण दिलं तर खाईन का? हो असेल तर खरी भूक, खायचं. फक्त चिवडाच हवा असेल तर ती मनाची भूक. मग ती उठून शेळ्यांकडे जाते, नाहीतर आमच्याकडे येते.

उपवासाचं विचारलंच पाहिजे, कारण एकादशी दुप्पट खाशी आपण सगळ्याच करतो. साबुदाणा आणि बटाटा म्हणजे नुसतं पीठ. ताईनं डॉक्टरांशी बोलून उपवासाला दूध, दही आणि थोडी भगर एवढंच ठेवलंय.

गोळ्यांबद्दल नीट ऐका. लोह, बी-12, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तसं जन्मभर घ्यावं लागतं. ताईचं रक्त आणि बी-12 दोन्ही कमी निघालं. थकवा आला की ती गोड खायची, त्याचं मूळ इथेही होतं. अंगदुखीची गोळी दुकानातून मनानं घ्यायची नाही, पिशवीला जखम होऊ शकते. वारंवार उलट्या झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना. ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी केस गळतात, ते बहुधा परत येतात. शेगाव तालुक्यात 2025 च्या सुरुवातीला टक्कल पडलं होतं, तसलं काही समजून घाबरू नका. तरुण मुलींनी वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत. भूक कमी करायची इंजेक्शनंही आता आली आहेत. ताईला त्यांची गरज पडली नाही, कुणाला लागतील ते डॉक्टर ठरवतील.

दर सोमवारी आमची बैठक असते. तिथला वजनकाटा आम्ही अंगणवाडीसाठी घेतला होता, आता ताई त्यावर उभी राहते. एकटी नाही, आम्हीही राहतो. आकडा कुणी मोठ्यानं वाचत नाही. दोन किलो वाढले की तपासणीची तारीख घ्यायची, दहा वाढेपर्यंत थांबायचं नाही, असं ठरलंय. आठ महिन्यांत ती 78 वर आली.

मागच्या भिशीला मटकीची उसळ आणि ताक होतं. कचोरीही होती. ताईनं अर्धी घेतली, सावकाश खाल्ली, आणि उरलेली अर्धी घे म्हणून तिला कुणी म्हटलं नाही.