निजलेल्या यंत्राचा खर्च

मृग लागल्यावर रत्नागिरीकडे सूर्यदर्शन दुर्मिळ होतें. अशा वेळीं रानांतल्या टेकडीवर पाऊस नोंदणाऱ्या यंत्राला बॅटरीच्या शिदोरीवरच चार महिने काढावे लागतात. त्याचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर नांवाचें नखाएवढें गणकयंत्र. तो सतत जागा राहून १० मिलिअँपिअर प्रवाह घेऊं लागला, तर २,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आठ दिवसांतच संपेल. म्हणून दर दहा मिनिटांनीं क्षणभर उठून नोंद करावी व पुन्हां निजावें, असा क्रम त्याला लावून देतात. गाढ झोंपेंत त्याची भूक सहस्रांशावर येते.

परंतु धनी निजला म्हणजे घरांतले दिवे आपोआप मालवत नाहींत! विद्युद्दाब मोजणारा त्याचा भाग पुष्कळदां चालूच राहतो. कशालाही न जोडलेल्या पिना व्यर्थ प्रवाह ओढतात. आणि यंत्र चालू असल्याची खूण म्हणून बसविलेला इवलासा दिवा एकटाच २ मिलिअँपिअर खातो. या एका दिव्यापायीं मृगारंभीं ठेवलेलें यंत्र ४१ दिवसांत, पुष्य नक्षत्राच्या तोंडाशीं, मुकें होईल. वाशिष्ठीनें चिपळूण बुडविलें, तें २२ जुलै २०२१ रोजीं, त्याच नक्षत्रांत. अशा पावसाची नोंद घेण्यास तें यंत्र उरलें नसतें.

यास्तव यंत्र निजविण्यापूर्वीं तो मापक बंद करावा, मोकळ्या पिना निश्चित दाबाला बांधाव्या, दिवा काढून टाकावा. आणि झोंपेंतला प्रवाह मीटरनें प्रत्यक्ष मोजून पाहावा. मग तीच शिदोरी दिवाळीपर्यंत सहज पुरेल.