मोडलेले हाड आणि घट्ट पट्टी
(त्र्यंबकेश्वर येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. मुलांना शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. तरीही हा विषय घेतला, त्यास कारण आपले हे क्षेत्रच होय. पावसाळ्यात येथील दगडी पायऱ्या शेवाळतात, श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीस रीघ लागते, आणि घसरणारा माणूस हात टेकून मनगट मोडून घेतो.

सुश्रुताचार्यांनी भग्नाचे दोन मुख्य भेद सांगितले आहेत : सांधा निखळणे आणि हाड मोडणे. पहिल्याचे ६ प्रकार, दुसऱ्याचे १२. घोड्याच्या कानासारखे वर आलेले ते अश्वकर्ण, चुरा झालेले ते चूर्णित, नुसतेच वाकलेले ते वक्र. राँटगेनने क्ष-किरण शोधले ते १८९५ साली. त्यापूर्वी कित्येक शतके, केवळ डोळ्यांनी आणि बोटांनी पारखून केलेली ही विभागणी आहे!

मुलांचे हाड ओल्या फोकासारखे असते. ते एका बाजूने चिरते, दुसऱ्या बाजूने नुसते वाकते. मूल हात थोडाफार हलविते, आणि आपण 'मुरगळला असेल' म्हणून तेल चोळीत बसतो. वृद्धांचे हाड ठिसूळ. न्हाणीघरात पडण्याचे निमित्त होऊन खुबा मोडतो. तो पाय बहुधा आखूड व बाहेर वळलेला दिसतो. अशा माणसास उभे करून पाहू नये. कातडी फाटून हाड दिसत असेल तर ते आत ढकलू नये. स्वच्छ कापडाने झाकावे.

आता मुख्य गोष्ट. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगा जांभळीवरून पडला व कोपराजवळ हाड मोडले. गावातल्या जाणकाराने बांबूच्या कामट्या लावून पट्टी करकचून आवळली. मूल रात्रभर रडले. 'हाड मोडले म्हणजे दुखणारच,' असे सर्वांनी म्हटले, आम्हीही म्हटले. चौथ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा बोटे काळीनिळी पडली होती. हात राहिला, पण बोटे आत वळली ती कायमचीच. पुढे तो डाव्या हाताने लिहू लागला.

पट्टी सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही, आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पू होतो, हे सुश्रुतानेच लिहून ठेवले आहे. रक्त अडले की स्नायू काही तासांतच मरू लागतात. डॉक्टरांच्या प्लास्टरखालीही हे घडू शकते. म्हणून बोटे उघडी ठेवावीत. ती गार पडली, बधिर झाली, हळूच सरळ करताना मूल किंचाळले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. नाशिक येथून अवघे २८ किलोमीटर आहे.

आणि भगिनींनो, हात मोडल्यास सूज चढण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या उतरवा. अशुभ मानून थांबलात, तर पुढे त्या कापूनच काढाव्या लागतात.

हाड सांधण्यास सुश्रुताने बालवयात एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन महिने सांगितले आहेत. आमच्या मनगटास तीन लागले.