इंदूरच्या मोटारीचे अश्वबळ

इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्या ड्यूसेनबर्ग मोटारीचे इंजिन अमेरिकन, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंगचा. साध्या इंजिनाचे अश्वबळ कारखाना २६५ सांगे. सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, जोडल्यावर ३२०. हे मानावे काय? पंख्याने दर चौरस इंची सुमारे ५ पौंड दाब वाढतो. वातावरणाचा दाब १४.७; तेव्हा हवा तिसऱ्या हिश्श्याने वाढून अश्वबळ ३५५ व्हावयास हवे. परंतु दाबलेली हवा तापून विरळ होते, आणि पंखा फिरविण्याचा भारही इंजिनाच्याच माथी. ही तूट वजा जाता ३२० असंभाव्य नव्हे. मात्र मुळातले २६५ कारखान्याने जाहिरातीसाठी फुगविले असतील, तर हा हिशेब ते पकडू शकत नाही. त्यासाठी इंजिन रोधयंत्रावरच चढवावे लागेल.