चारापालट
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. शिक्षण, हुंडा, वधूवरसूचन या विषयांवर अधिकाराने बोलणारे या व्यासपीठावर पुष्कळ आहेत. आम्ही आपले दावणीविषयी बोलू. गवळ्याच्या घरचा जमाखर्च अखेर तेथेच मिळतो.

2009 सालच्या मे महिन्यात आमच्या घरी लग्नकार्य झाले. पंगती आटोपल्या तेव्हा दोन मोठी पातेली भात आणि परातभर बुंदी उरली. अन्न उकिरड्यावर टाकू नये, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा संस्कार. शिवाय कार्याच्या गडबडीत जनावरांकडे दोन दिवस दुर्लक्ष झालेले. वाळल्या कडब्यावर त्यांनी दिवस काढले होते. तेव्हा त्यांच्याही तोंडी गोड लागावे म्हणून आम्ही स्वतः ते अन्न गव्हाणीत ओतले. दुसऱ्या वेताची, तीन आठवड्यांपूर्वी व्यालेली पंढरपुरी म्हैस सर्वांत पुढे होती. तिने मान वर न करता खाल्ले, आणि ते पाहून आम्हांस आनंदच झाला, हे येथे कबूल केले पाहिजे.

रात्री तिने रवंथ केला नाही. पहाटे धारेस बसलो तो आचळांत तांब्याभर दूध. शेण पातळ, त्यास आंबूस वास. डोळे खोल गेलेले, चालताना झोकांड्या. घरात पाहुणे होते, म्हणून डॉक्टरांस बोलावण्यास आम्ही दुपार केली. ते आले तेव्हा ती बसली होती, ती पुन्हा उठली नाही. लग्नाचे देणे डोक्यावर, रतिबाची घरे बांधलेली, आणि मागे तीन आठवड्यांचे रेडकू. ते दुसऱ्या म्हशीच्या दुधावर आम्ही जगविले.

विष कोणी घातले नव्हते. मग झाले काय? डॉक्टरांनी ते आम्हांस समजावून दिले. गुराच्या चार कप्प्यांच्या पोटांपैकी पहिले सर्वांत मोठे. चारा तेथे आंबतो, आणि हे काम डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव करतात. आपण गुरास चारतो असे म्हणतो, पण आधी चारावे लागते ते या जीवांस. कडब्यावर पोसलेल्या जनावरात कडबा फोडणारे जीव भरपूर असतात; पिष्ट आणि साखर पचविणाऱ्यांची वस्ती वेगळी. भात, कणीक, मक्याचा भरडा अकस्मात पडला की दुसऱ्या जातीचे जीव झपाट्याने माजतात, पोटात आम्ल साचते, त्या आम्लात जुने जीव मरतात आणि तेच आम्ल पुढे रक्तात उतरते. म्हणजे अन्न तेच, मारक ठरतो तो त्याचा अकस्मातपणा. नव्या चाऱ्याजोगी ही वस्ती बदलण्यास दोन आठवडे तरी लागतात.

म्हणून चारा पालटताना पहिले तीन दिवस नवा एक हिस्सा व जुना तीन हिस्से द्यावा. पुढील तीन दिवस निम्मानिम्म. मग नवा तीन हिस्से. दहाव्या दिवसानंतर सर्व नवा. भरडा वा पेंड वाढवावयाची तर याहूनही सावकाश, दोनतीन दिवसांआड अर्ध्या किलोपेक्षा अधिक नको. हिरवा लसूणघास दवाने ओला असताना उपाशी जनावरापुढे टाकू नये, पोट फुगते. आधी मूठभर वाळली वैरण द्यावी. मुरघासाचा वास जनावरास नवा असतो, म्हणून पहिल्या दिवसांत कुट्टीत थोडा मिसळावा, आणि तोही धार काढल्यानंतर, नाहीतर दुधास वास लागतो. म्हैस नव्या चाऱ्यास तोंड लावीत नाही म्हणून चिडणारे आम्ही पाहिले आहेत. आमच्या मते तिची ती सावधगिरी शहाणपणाची असते.

2012-13 च्या दुष्काळात माण, सांगोला या भागांत छावण्या उघडल्या. तेथे कित्येक महिने गुरांच्या वाट्यास बहुतांशी ऊस आणि उसाचे वाढे आले. वाढ्यातील ऑक्झॅलिक आम्ल अंगातील चुना ओढून घेते, म्हणून खनिज मिश्रणाची जोड लागते. ती सर्वांस मिळत नव्हती. पुढे पाऊस झाला, गुरे घरी परतली, आणि मालकांनी आनंदाने त्यांस कोवळ्या हिरव्यावर सोडले. हगवण लागली. कोठे गुडघाभर कडवळात जनावर शिरले आणि किराळ लागून घटकेत आडवे झाले. फुलोऱ्यावर न आलेल्या ज्वारीत, विशेषतः पाण्याचा ताण पडलेल्या, हे विष असते. तेथे मात्र सावकाशीचा नियमही उपयोगी नाही, ती चारूच नये. दुष्काळात जगविलेले जनावर सुकाळाच्या पहिल्या आठवड्यात गमावणाऱ्याचे तोंड आम्ही पाहिले आहे. त्यास काय बोलावे ते सुचले नाही.

भगिनींस एक विनंती. रवंथ थांबला, शेणाचा वास पालटला, हे प्रथम आपल्या ध्यानी येते. आमच्या घरीही सौभाग्यवतींनी ते रात्रीच सांगितले होते. अशा वेळी पाहुण्यांकडे पाहू नये, डॉक्टरांस त्याच घटकेस बोलवावे.

आजच्या भोजनाची व्यवस्था उत्तम आहे असे ऐकतो. उरलेला भात कोणाच्या दावणीस जावयाचा, याची चौकशी आम्ही सकाळीच मुदपाकखान्यात केली. शेजारच्या वसतिगृहातील मुलांसाठी डबे भरून ठेवले आहेत.