बिघडलं तर काय होईल?
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



प्रत्येकाने आपल्या छंदाबद्दल पाच मिनिटं बोलायचं असं ठरलंय. माझ्याआधी बागकाम झालं, ट्रेकिंग झालं, भजनी मंडळ झालं. आता जरा सावरून बसा. मी साप पाळते.

हसा, हसा. प्रयोगशाळेत बरणीतला साप पाहून बाकावर चढलेली मुलगी मीच होते, हे कुणी विसरलेलं नाही, ठाऊक आहे मला.

आधीच सांगते, इथे हा प्रयोग करू नका. आपल्याकडचे साप घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मी राहते अमेरिकेत, ओहायोमध्ये. माझे साप आहेत बॉल पायथन. मूळचे आफ्रिकेतले, अजगराच्या कुळातले, बिनविषारी, चारेक फूट लांब. घाबरले की अंगाची गुंडाळी करून बसतात. म्हणून आमच्या पहिल्या सापाचं नाव लाडू.

छंद खरं तर मुलाचा. तो कॉलेजला गेला आणि जाताना पाच साप माझ्या स्वाधीन करून गेला. “आई, फक्त ऊब सांभाळ,” एवढंच म्हणाला. सापाचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. या जातीला एका बाजूला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या बाजूला २५-२६ अंश तापमान लागतं. आमच्या तळघरात हिवाळ्यात १७-१८ अंश असतं. म्हणून काचेच्या पेटीखाली तापणारी पट्टी, तिला थर्मोस्टॅट आणि तापमान मोजणारी एक वायर, अशी मुलाने सोय केली होती.

एका रविवारी पेटी साफ करताना ती वायर निसटून फरशीवर पडली. माझ्या लक्षात आलं नाही. थर्मोस्टॅटला फरशीचा गारवा कळत राहिला आणि तो बिचारा इमानाने रात्रभर पट्टी तापवत राहिला. सकाळी पाहते तर लाडूच्या पोटाचे खवले तपकिरी झालेले, मधे फोड आलेले. तो उठून बाजूला का गेला नाही? डॉक्टर म्हणाले, साप गरम जागेवरून वेळेत हलेल यावर कधीच विसंबू नये. कितीतरी महिने मलम लावलं. तीन-चार वेळा कात टाकल्यावर जखम भरली, पण डाग राहिला. मुलाला फोनवर सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना.

त्या रात्री मला आपला नववीचा विज्ञानाचा तास आठवला. सरांनी घरून इस्त्री आणली होती आणि ती खोलून पितळ-लोखंडाची जोडपट्टी दाखवली होती. तापली की पितळ जास्त प्रसरण पावतं, पट्टी वाकते, वीज तुटते. आपण माना डोलावल्या. तेव्हा सर म्हणाले, “आणि पट्टी वाकलीच नाही तर?” वर्ग गप्प. मग सरांनी कुकरचं उदाहरण दिलं. शिट्टी अडकली तर कुकर फुटू नये म्हणून झाकणाला दुसरा व्हॉल्व असतो.

माझ्या पेटीला शिट्टी होती, दुसरा व्हॉल्व नव्हता.

मग मी स्वतः रॅक बांधायला घेतला. पीव्हीसीच्या फळ्या, पाच कप्पे, प्रत्येकात प्लास्टिकचा एक ट्रे. ट्रेला झाकण नाही, वरची फळी हेच झाकण. मधे फट ३ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवली, कारण डोकं गेलं की साप गेलाच. हवेसाठी ट्रेला भोकं पाडली, ती आतून बाहेर, म्हणजे खरखरीत कड सापाला लागत नाही. तापणारी पट्टी मागच्या बाजूला, ट्रेच्या एक तृतीयांश तळाखाली. पुढचा भाग गार, पाण्याचं भांडं तिथे. कुठे बसायचं ते साप ठरवतो. पट्टीसाठी फळीत खाच पाडली, नाहीतर ट्रे सरकवताना ती घासून फाटते. वायरी रॅकला आवळून बांधल्या, म्हणजे ओढ बसली तरी जोडावर येत नाही.

पहिल्या थर्मोस्टॅटची मोजणारी वायर थेट पट्टीवर, दोन ठिकाणी पक्की केली. ट्रेमध्ये ठेवली तर साप ती हलवतो, पाणी सांडतं. मग दुसरा थर्मोस्टॅट, त्याची वायर वेगळी. सगळी वीज आधी त्याच्यातून जाते. ३५ अंश झाले की तो वीज तोडतो आणि भोंगा वाजवतो. भिंतीतला सॉकेट आपल्या ईएलसीबीसारखा, गळती झाली की बंद पडणारा. वर छताला धुराचा अलार्म.

रॅक तयार झाल्यावर दोन आठवडे रिकामाच चालवला. प्रत्येक कप्प्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिलं, अगदी प्रयोगवहीसारखं, तक्ता आखून. मग शेवटच्या दिवशी पहिल्या थर्मोस्टॅटची वायर मुद्दाम उपसली आणि फरशीवर टाकली. समोर स्टूल घेऊन बसले. ३२, ३३, ३४... ३५ला भोंगा वाजला आणि पट्टी बंद झाली. तळघरात एकटीच रडले, खोटं कशाला सांगू?

वीज पूर्ण गेली तर? साप गारठतील, पण काही तास ते सहन करतात. भाजणं ते सहन करू शकत नाहीत. त्यामुळे बिघाड झालाच तर तो गार बाजूला व्हावा, अशी सगळी रचना केली.

आज लाडू बारा वर्षांचा आहे. सुट्टीत मुलगा आला की आधी त्याच्या पोटावरून बोट फिरवतो. काही बोलत नाही. मीही बोलत नाही.

सर, तुम्ही समोर बसला आहात. तुम्हाला तो तास आठवतही नसेल. “पट्टी वाकलीच नाही तर?” याचं उत्तर तेव्हा वर्गात कुणी दिलं नव्हतं. मला ते द्यायला तीस वर्षं लागली. वही बरोबर आणली आहे. तपासून सही कराल का?