धन्यासमोर उभा राहिलेला नोकर



आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कामगार संघटनेत आणि गावच्या वाचनालयात. तेव्हा ग्रीक शोकांतिकेवर आम्ही बोलावे हे धाडसच होय. पण पट्टा पडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात परतल्या, की एखाद्या घरी एक माणूस कमी आलेला असतो. फडात काय घडले ते घरच्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळते. ग्रीक नाटकाची रीत आम्हाला तेथे उमगली.

सोफोक्लिजचा राजा ईडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो, पण ते प्रेक्षकांना दिसत नाही. महालातून सेवक येतो आणि सांगतो. थेब्सच्या वृद्धांचा वृंद ऐकतो, हळहळतो. घात आड आणि वार्ता पुढे, अशी ही रीत. पुढे ॲरिस्टॉटलने कथानक एकसंध असावे असे सांगितले, आणि शोकांतिका शक्यतो एका दिवसात आटोपते असे नोंदवले. स्थळही एकच हवे, हा दंडक मात्र त्याचा नव्हे. तो १५७० साली कास्तेलव्हेत्रो या इटालियन पंडिताने घातला.

शेक्सपिअरने हे दंडक जुमानले नाहीत. त्याचा ‘ऑथेल्लो’ व्हेनिसहून सायप्रसला जातो. ‘हॅम्लेट’मध्ये थडगे खणणारा मजूर राजपुत्राशी थट्टेने बोलतो. देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचले. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तही सिंधूच्या दुःखाला खेटून तळीरामाचा विनोद आहेच.

‘किंग लिअर’मध्ये तर ग्लॉस्टरचे डोळे आपल्यासमोरच फोडले जातात. पहिला डोळा जाताच कॉर्नवॉलचा एक नोकर धन्याला अडवतो. लहानपणापासून तो त्याच्याच चाकरीत वाढलेला. नाटककाराने त्याला नावही दिलेले नाही. तो तलवार उपसतो. मागून वार होऊन तो मरतो आणि दुसरा डोळाही जातो. पण त्याने केलेल्या जखमेने पुढे धनीही मरतो.

पंडित म्हणतात, नियम मोडल्याने नाटकाचा पट वाढला. खरे आहे. आम्हाला दिसते ते एवढेच, की हे कृत्य आत घडले असते, तर हा नोकर बाहेर येऊन फार तर निरोप सांगता. अँटिगनी राजाज्ञा मोडते, हे आम्ही विसरलो नाही. पण ती राजकन्या होती.

एकदा आम्ही अशाच एका घरी गेलो होतो. उसाने जादा भरलेली गाडी उलटून माणूस गेला होता. टोळीतला सोबती म्हणाला, “गाडी भरताना आम्ही समदे बघत होतो. पण उचल अंगावर होती, बोलणार कोण?” आम्ही अर्ज लिहून दिला, हळहळलो आणि परतलो. वाटेत लक्षात आले, आम्हीही वृंदातलेच.

त्या सोबत्याला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. एकटा उभा राहिला, तो नाटकातही मेला. गाडी भरली जात असतानाच दहा जणांनी मिळून हात धरावा, यासाठी संघटना असते. अर्ज नंतरही लिहिता येतो.